मोडीचा मुक्त टंक
निपाणीपासून खानापुरापर्यंत, १९५६ पर्यंत मुंबई राज्यात असलेल्या बेळगावच्या या मुलखात, कित्येक मराठी घराण्यांच्या जुन्या दप्तरांत कबुलायतीपासून खरेदीखतापर्यंतचे कागद मोडीत लिहिलेले आढळतात. आधी शिरोरेषा ओढून, मग कलम शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे गुंफीत जाणारी, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा न मानणारी ही लिपी संगणकावर आणणे सुकर नव्हते; कारण तीत स्वरचिन्ह लागताच कित्येक अक्षरांचे रूपच पालटते. २०१४ साली युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत तिला स्थान मिळाले, आणि पुढे गूगलच्या नोटो मालिकेतील मोडी टंक मुक्त परवान्यावर उपलब्ध झाला. जर्मनीत १९४१ साली सरकारी फर्मानाने हद्दपार झालेल्या फ्राक्टूर या कोनदार वळणालाही युनिफ्राक्टूर मागुंटिया या मुक्त टंकाने असाच आश्रय दिला आहे.

असा टंक कोणीही वापरावा, वाटावा, त्यात फेरफार करावा. मात्र तो सुटा विकू नये, आणि बदललेल्या टंकालाही तोच परवाना राहावा, या त्यातील मुख्य शर्ती. माझ्या मते यांतील फेरफाराचा हक्क सर्वांत मोलाचा. कारण नोटोचे एकसारखे अक्षर आणि दप्तरातील चिटणिशी वळण यांत पुष्कळच अंतर आहे, आणि ते वळण कोणा अभ्यासकाने आपल्या घरच्या कागदांवरून टंकात उतरवावयाचे ठरविले, तर परवाना आड येत नाही.