सॉरी बॉस, आजीचं ऑपरेशन आहे!

फेस्टिवलचा पास, दिवसाला पाच देश आणि खरी ठरलेली एक थाप

ऑफिसच्या जगात सगळ्यात जास्त वेळा आजारी पडणारी व्यक्ती कोण? अर्थात आजी! मॅच असली की तिचे गुडघे दुखतात, लाँग वीकएन्ड आला की तिचं बीपी वाढतं. तुम्ही कितीही नाही म्हणा, तुमच्याही आजीने असा एखादा आजार काढलेला असणारच.

माझ्या आजीने काढला मोतीबिंदू.

2019 चा हिवाळा. पुण्यात माझी पहिली नोकरी, शिल्लक रजा शून्य आणि बॅगेत एका फिल्म फेस्टिवलचा डेलिगेट पास. फेस्टिवल बाहेरगावी होता. कुठला, ते सांगत नाही. तेव्हाचे बॉस अजून हे साप्ताहिक वाचतात! तर, मी चेहरा शक्य तितका पाडून केबिनमध्ये गेले. ‘सर, आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. म्हसावदला जावं लागेल.’ म्हसावद म्हटल्यावर कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही. नंदुरबार जिल्हा, शहादा तालुका, सातपुड्याचा पायथा. पुण्यातल्या माणसाला ते इतकं लांब वाटतं की लगेच दया येते. बॉस म्हणाले, ‘अगं जा, जा. फॅमिली फर्स्ट!’

मी गेले. उलट्या दिशेला!

सकाळी इराण, दुपारी पोलंड

ज्यांनी कधी फेस्टिवल केलेला नाही, त्यांना त्यातली नशा सांगणं अवघड आहे. सकाळी नऊला तुम्ही इराणमधल्या एखाद्या शाळेत असता, बाराला पोलंडच्या बर्फात, तीनला अर्जेंटिनाच्या कोर्टात. मधल्या वीस मिनिटांत वडापाव कोंबायचा, पुढच्या स्क्रीनची रांग गाठायची आणि रांगेतल्या अनोळखी माणसाला विचारायचं, ‘काल रात्रीचा कोरियन कसा होता?’ तिथे कुणी कुणाचं नाव विचारत नाही, पगार तर नाहीच. चौथ्या दिवशी मात्र डोक्यात खिचडी होते. पोलंडचा नवरा अर्जेंटिनाच्या बायकोला घटस्फोट देतोय असं वाटायला लागतं.

आणि ती माणसं! झोळी, दाढी आणि ‘तारकोव्हस्की’ हा एकच शब्द घेऊन फिरणारा पोरगा. रिटायर झालेले काका-काकू, जे पहिल्या रांगेची जागा रुमाल टाकून धरतात आणि मध्यंतर नसलं तरी बरोबर एका तासाने डबा उघडतात. आणि सगळ्यात डेंजर म्हणजे प्रश्नकाका. पिक्चर संपल्यावर दिग्दर्शक मंचावर येतो, माइक काकांकडे जातो आणि पुढची सात मिनिटं काका स्वतःचं चिंतन ऐकवतात. प्रश्न शेवटपर्यंत येतच नाही.

हे वेड आजकालच्या मल्टिप्लेक्सवाल्यांनी काढलं असं समजू नका. प्रभातचा ‘संत तुकाराम’ 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गाजला होता. आपल्याकडचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव 24 जानेवारी 1952 ला मुंबईत सुरू झाला. ‘बायसिकल थीव्ज’ आणि ‘राशोमोन’ तेव्हा आपल्या लोकांनी पहिल्यांदा पाहिले. त्या इटालियन सायकलीने बिमल रॉय इतके हलले की पुढच्या वर्षी ‘दो बिघा जमीन’ आला आणि 1954 मध्ये कान महोत्सवातून बक्षीस घेऊन परतला. मुंबईत 1968 मध्ये ‘प्रभात चित्र मंडळ’ सुरू झालं, पुण्याचा ‘पिफ’ 2002 मध्ये आला आणि 2004 पासून ‘इफ्फी’ने पणजीत मुक्काम ठोकला. ‘पिफ’मधल्या जागतिक स्पर्धेचा पुरस्कार ‘प्रभात’च्या नावाने आणि मराठी सिनेमाचा ‘संत तुकारामां’च्या नावाने दिला जातो, यातच सगळं आलं.

पहिल्यांदा जाताय? मग हे वाचाच

• दिवसाला पाच पिक्चर जमतात, पण आठवतात तीनच. म्हणून तीनच बघा.
• बक्षीस मिळालेला पिक्चर आज ना उद्या ऑनलाइन येतो. ज्या देशाचा एकही पिक्चर तुम्ही पाहिलेला नाही, त्याला आधी जा.
• पहिली वीस मिनिटं काही घडलं नाही तर उठू नका. चाळिसाव्या मिनिटालाही काही घडलं नाही तर उठा. अपराधी वाटून घेऊ नका.
• शेंगदाण्याची चिक्की, पाण्याची बाटली आणि पातळ स्वेटर. एसीला दया नसते.
• मोबाइल बंद. सायलेंट नाही, बंद.

या शेवटच्या नियमाबद्दल मला जरा सविस्तर सांगायचंय.

गुरुवारचा फोन

फेस्टिवलचा तिसरा दिवस होता. दोन पिक्चरच्या मध्ये मोबाइल सुरू केला तर बाबांचे चार मिस्ड कॉल. लावला. बाबा म्हणाले, ‘अगं, आजीच्या डोळ्याचं शिबिरात नाव लागलंय. परवा गुरुवारी ऑपरेशन. ती विचारतेय, तू येशील का?’

मी तिथेच, पॉपकॉर्नच्या काउंटरसमोर उभी राहिले. थाप मारताना आपण जो आजार शोधतो, तो कुणाच्या तरी शरीरात खरोखर असू शकतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आजीला दिसत नाही हे मला माहीत होतं. थाप तिथूनच तर आली होती! ऑपरेशनची तारीख मात्र मला माहीत नव्हती. मी विचारलीच नव्हती.

गंमत बघा. त्या क्षणी मी जगातली एकमेव कर्मचारी होते, जिची रजा शंभर टक्के खरी ठरली होती. बॅग भरायची, शहाद्याची गाडी पकडायची, झालं. पण अजून चार दिवसांचा पास गळ्यात होता. मी म्हटलं, ‘बाबा, रजा नाही मिळत हो.’

म्हणजे ऑफिसला सांगितलं आजीचं आणि घरी सांगितलं ऑफिसचं. एकाच आठवड्यात दोन थापा, आणि दोन्ही एकमेकींच्या पाठीवर उभ्या!

गुरुवारी दुपारी मी ज्या पिक्चरला बसले, तो होता ‘हनीलँड’. उत्तर मॅसिडोनियाची डॉक्युमेंटरी. तमारा कोतेव्हस्का आणि ल्युबोमिर स्तेफानोव्ह या दोघांनी तीन वर्षं शूटिंग करून बनवलेली. डोंगरातलं ओसाड गाव, वीज नाही, रस्ता नाही. तिथे हातिजे नावाची बाई कड्याच्या कपारीतून मध काढते. तिचा नियम एकच, अर्धा मध माझा, अर्धा माश्यांचा. घरात म्हातारी आई. अंथरुणाला खिळलेली, नजर गेल्यात जमा. हातिजे शहरात जाऊन मध विकते, येताना आईसाठी केळी आणते आणि तिला भरवते.

मी केळीच्या मुलखातली. आजूबाजूला तीनशे माणसं बसलेली, आणि मला पडद्यावर दिसत होती ती आमच्या म्हसावदच्या घराची पडवी. घड्याळात साडेतीन वाजले होते. आजीला त्याच वेळी आत नेलं असेल. पिक्चर संपल्यावर लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. मी मोबाइल सुरू केला. बाबांचा मेसेज होता, ‘झालं. बरी आहे.’

होम थिएटर, म्हसावद

2020 च्या होळीला घरी गेले. तोवर आजीला लख्ख दिसायला लागलं होतं आणि त्याचा पहिला उपयोग तिने माझा चेहरा वाचायला केला. आमच्या घरात अहिराणी चालते. ती म्हणाली, ‘मन्हा डोयाना ऑपरेशनले तू कथा व्हती?’

नव्या डोळ्यांसमोर थाप मारवेना. मी सांगून टाकलं, ‘पिक्चरला.’

बाबा पेपरमागे गेले. आजी रागावेल, रडेल असं वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, ‘असं काय शे त्या पिक्चरमा? माले दखाड.’

झाली का पंचाईत! ‘हनीलँड’ तोवर रीतसर ऑनलाइन आला होता. लॅपटॉप पाटावर ठेवला, आजी भिंतीला टेकून बसली. पिक्चर सुरू झाला. हातिजे बोलते टर्किश, खाली अक्षरं इंग्रजी आणि बघणारी अहिराणी! आजी दोन मिनिटांनी म्हणाली, काय बोलतेय ते सांग ना. मग मी सांगायला लागले. सिनेमा मुका होता तेव्हा जपानमध्ये पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगणारे ‘बेन्शी’ असायचे. मी म्हसावदची बेन्शी झाले. तीन मिनिटं मराठीत सांगितलं आणि मग आपोआप अहिराणीत घसरले. पुण्यात ज्या भाषेचा हेल लपवायला मी पहिलं वर्ष घालवलं, त्या भाषेत हातिजे इतकी फिट बसली की विचारू नका. ‘अर्धं तुन्हं, अर्धं मन्हं.’ यापेक्षा चांगलं सबटायटल कुणी करून दाखवावं!

मला वाटलं होतं, ती दहा मिनिटांत पेंगेल. तिने मधे एकदाच थांबवायला सांगितलं, चुलीवरचं दूध उतरवायला. हातिजेच्या शेजाऱ्याने व्यापाऱ्याच्या नादाने सगळा मध काढून घेतला आणि माश्या मरायला लागल्या, तेव्हा तिने त्याला जी शिवी दिली ती इथे छापता येणार नाही. हातिजेची आई केळं खाताना मात्र ती काही बोलली नाही. मीही थोडा वेळ भाषांतर थांबवलं.

संपल्यावर मी फेस्टिवलवाल्यांच्या उत्साहात माहिती पुरवली. आजी, हा पिक्चर दोन-दोन ऑस्करच्या नामांकनांपर्यंत गेला. गेल्या महिन्यात ही बाई स्वतः अमेरिकेला गेली होती त्या समारंभाला!

आजीने विचार केला आणि विचारलं, ‘मंग तिन्या माश्या कोन दखत व्हतं?’

फेस्टिवलमध्ये मी शेकडो प्रश्न ऐकलेत. असा एकही नाही. उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं.

खालची अक्षरं कुणासाठी?

होळीसाठी गेलेली मी, पुढे लॉकडाऊन लागला आणि तिथेच अडकले. 29 मे ते 7 जून 2020 या दहा दिवसांत कान, व्हेनिस, बर्लिनपासून आपल्या मुंबईच्या ‘मामि’पर्यंत वीसेक महोत्सवांनी मिळून यूट्यूबवर ‘वी आर वन’ नावाचा फुकट फेस्टिवल भरवला. ना पास, ना रांग, ना प्रश्नकाका! नेटवर्क मिळावं म्हणून मी लॅपटॉप घेऊन ओट्यावर बसायचे, आजी आणि बाबा मागे. पिक्चर गोल गोल फिरत थांबला की आजी पुढची गोष्ट स्वतःच रचायची. बऱ्याचदा तिचीच चांगली असायची.

तेव्हा एक गोष्ट लख्ख कळली. जगातले अर्धेअधिक फेस्टिवलचे पिक्चर गावातल्या माणसांबद्दल असतात आणि आपल्याकडे ते बघतात फक्त इंग्रजी वाचू शकणारी माणसं. 2014 मध्ये ‘कोर्ट’ व्हेनिसला जिंकला, 2025 मध्ये ‘साबर बोंडं’ सनडान्सला. आपला सिनेमा जगाला कळावा म्हणून आपण तो इंग्रजीत उतरवतो, बरोबरच आहे. पण जगाचा सिनेमा म्हसावदला कळावा म्हणून? केरळमध्ये ‘एमसोन’ नावाची हौशी मंडळी 2012 पासून परदेशी सिनेमांना मल्याळम सबटायटल्स करताहेत. फुकट, रात्री जागून. आपल्याकडे हे कुणी करायचं? आठवड्याला एक वीकएन्ड तर सगळ्यांनाच असतो. मी ‘हनीलँड’पासून सुरुवात केलीये. मराठीत. आजीला वाचताना अक्षरं लहान वाटतात, ती मोठी करायचं काम चालू आहे.

आता मी फ्रीलान्सर आहे. रजा मागायला बॉस नाही, त्यामुळे थापही लागत नाही. तरी डेलिगेट पासचे पैसे भरण्याआधी एक फोन म्हसावदला करते. बाबांना विचारते, त्या आठवड्यात आजीची कुठली तारीख नाही ना? डॉक्टरची, देवाची, कसलीही.

मग फोन आजीकडे जातो. ती तब्येतीचं काही सांगत नाही. तिचा प्रश्न ठरलेला असतो. ‘औंदा कोनता देश?’