जुनी मोटार विकताना

मावळातला शेतकरी पूर्वी बैल घेऊन चाकणच्या बाजाराला जाई, तेव्हा सौद्याची एक रीत असे: घेणारा आणि देणारा आपल्या हातांवर उपरणे पांघरीत आणि त्या वस्त्राखाली बोटे दाबून भाव ठरे. भोवतालच्या गर्दीला किंमत कळत नसे. परंतु ज्याला बैल द्यावयाचा त्याचा हात आपल्या हातात असे, त्याचे गाव कोणते, त्याच्यामागे ग्वाही द्यायला कोण उभा आहे, हे डोळ्यांना दिसत असे. भाव गुप्त आणि माणूस उघड, अशी ती व्यवस्था होती. आज तळेगाव दाभाड्याचा किंवा कामशेतचा एखादा गृहस्थ दहा वर्षे वापरलेली मोटार मोबाइलवरच्या जाहिरातीने विकू पाहतो, तेव्हा ही व्यवस्था नेमकी उलटी होते: अपेक्षित किंमत, छायाचित्रे, गाडीचा क्रमांक, आपला दूरध्वनी आणि पुष्कळदा घराचा पत्ताही चव्हाट्यावर येतो, आणि समोरचा माणूस तेवढा अदृश्य राहतो. जुन्या मोटारीच्या विक्रीत जी फसवणूक होते, तिचे मूळ मला या उलटापालटीत दिसते.

जाहिरात दिल्यावर जे पहिले काही फोन येतात, त्यांत एखादा स्वतःला सैनिक म्हणविणाऱ्याचा असण्याचा संभव असतो. देशभर रूढ झालेला हा प्रकार आपल्या भागात अधिकच धोक्याचा आहे, कारण येथे गणवेशाविषयी नुसता आदर नाही, जवळीक आहे. लोणावळ्याजवळ १९४५ पासून नौदलाची ‘आयएनएस शिवाजी’ ही प्रशिक्षणसंस्था आहे, तळेगावला केंद्रीय राखीव पोलीस दलाचे केंद्र आहे, देहूरोडला छावणी आणि आयुध निर्माणी आहे. त्यामुळे ‘मी येथेच नेमणुकीवर आहे, बाहेर पडण्याची परवानगी नाही, गाडी न पाहताच घेतो’ असे कोणी म्हटले, तर ऐकणाऱ्याला त्यात वावगे वाटत नाही. ओळखपत्राचे छायाचित्र येते, तेही बहुधा कोणा खऱ्या जवानाचे चोरलेले असते. मग सांगण्यात येते, की लष्कराच्या खात्यातून पैसे सोडण्याची पद्धत निराळी आहे, तुम्ही आधी पाच रुपये पाठवा, दहा परत येतील. आणि ते दहा रुपये खरोखरच येतात. त्या दहा रुपयांनी विश्वास विकत घेतला जातो. यानंतर एक क्यूआर कोड येतो, तो स्कॅन करून ‘रक्कम स्वीकारण्यासाठी’ पिन टाका म्हणून आग्रह होतो, आणि पिन टाकताच रक्कम येण्याऐवजी जाते.

येथे एकच गोष्ट घरातल्या वडीलधाऱ्यांना शांतपणे, पुन्हा पुन्हा समजावून सांगण्यासारखी आहे: यूपीआयमध्ये पिन ही पैसे देणाऱ्याची सही आहे. घेणाऱ्याला सही करावी लागत नाही, कोड स्कॅन करावा लागत नाही, काहीच करावे लागत नाही. पैसे आपोआप जमा होतात. तसेच, पैसे जमा झाल्याचा संदेश किंवा पडद्याचे छायाचित्र ही जमा नव्हे. आपल्या बँकेच्या ॲपमध्ये किंवा पासबुकात शिल्लक वाढलेली दिसली, तीच जमा. ‘चुकून जास्त गेले, वरचे परत करा’ अशी विनवणी आली, तर बँकेत जाऊन खातरजमा करीपर्यंत एक पैही हलवू नये.

इतके करूनही कोणी फसला, तर १९३० हा क्रमांक तत्काळ फिरवावा, कारण तेथे तक्रार नोंदली की संबंधित बँकांना सूचना जाते आणि रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वी रोखता येण्याची आशा असते. येथे दिवसांचा नव्हे, घटकांचा हिशेब आहे. परंतु माणसे लाजेपोटी दोन-दोन दिवस घरातही बोलत नाहीत, याचे मला फार वाईट वाटते. हद्दीचाही बाऊ करू नये. तळेगाव पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात आणि वडगाव, कामशेत, लोणावळा पुणे ग्रामीण पोलिसांकडे असले, तरी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर, तो कोणत्याही हद्दीत घडलेला असो, जवळच्या ठाण्यात देता येते.

याहून सूक्ष्म असा एक प्रकार आहे, त्यात विकणारा आणि घेणारा दोघेही सज्जन असतात आणि दोघेही बुडतात. तिसरा एक इसम तुमची जाहिरात पाहून तुमच्याशी भाव मान्य करतो. तुमचीच छायाचित्रे वापरून कमी किमतीची दुसरी जाहिरात देतो. तिला भुललेल्या ग्राहकाला तुमच्याकडे पाठवितो. तुम्हाला तो बजावतो, ‘माझा मेहुणा येतो आहे, त्याच्याशी पैशाचे बोलू नका’. ग्राहकाला सांगतो, ‘गाडी माझ्या भावाच्या घरी आहे, त्याच्याजवळ किंमत काढू नका.’ दोघे समोरासमोर उभे राहून बॉनेट उघडतात, चहा घेतात, आणि किमतीचा शब्द मात्र कोणीच काढीत नाही. ग्राहक इसार म्हणून वा पूर्ण किंमत म्हणून त्या तिसऱ्याच्या खात्यात पैसे भरून मोकळा होतो, आणि मग चावीवरून दोन निरपराध माणसांचा तंटा सुरू होतो. चाकणच्या उपरण्याखाली हे घडणे अशक्य होते. तेव्हा गाडी पाहायला आलेल्या माणसाला तोंडावर विचारावे, ‘दादा, किती ठरले आणि पैसे कोणाला देणार?’ भाव बोलू नका म्हणणारा मध्यस्थ भेटला, की सौदा तेथेच थांबवावा.

चाचणीसाठी गाडी मागणाऱ्याच्या शेजारी आपण बसावे, घरी दुसरी चावी असली तरी हातातली चावी त्याच्या एकट्याच्या हवाली करू नये. लोणावळ्याहून द्रुतगती मार्गाला लागलेली गाडी घाट उतरून थोडक्या वेळात जिल्ह्याबाहेर जाते. डिमांड ड्राफ्ट घेऊन बँक बंद होण्याच्या सुमारास येणाऱ्याला दुसऱ्या दिवशी, सुट्टी असेल तर त्यानंतर बोलवावे, आणि ड्राफ्ट वटल्यावरच चावी द्यावी.

परंतु सगळ्यात दीर्घकाळ छळणारी फसवणूक पैसे पूर्ण मिळाल्यानंतरची आहे. गाडी गेली, रक्कम आली, आणि मालकी हस्तांतराच्या कोऱ्या फॉर्म २९ व ३० वर सह्या करून दिल्या, ‘नावावर करून घेतो’ असे दलाल म्हणाला. वर्षे लोटली तरी आरसी बुकावर नाव जुनेच राहिले. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात अपघात झाला तेव्हा मूळ मालकाने गाडी विकून सुमारे दोन वर्षे झाली होती, ती पुढे अनेक हातांतून गेली होती, तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच येते असा निर्णय झाला. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विक्री असेल, तर विकणाऱ्याने १४ दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावयाचे असते आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. आपले चौदा दिवस दुसऱ्याच्या भरवशावर सोडू नयेत. व्यापाऱ्याला गाडी देणाऱ्याने त्याच्याकडे परिवहन खात्याचे प्राधिकारपत्र आहे का हे पाहावे, कारण एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांप्रमाणे अशा व्यापाऱ्याने गाडी ताब्यात घेतल्याची सूचना रीतसर दिली, तर जबाबदारी त्याच्यावर जाते. फास्टॅगही गाडी दिली त्याच दिवशी बंद करावा, नाही तर उर्से आणि खालापूरच्या नाक्यांवरचा पथकर आपल्याच खात्यातून वजा होत राहतो.

नोंदीचे हे महत्त्व मावळाला नवे नाही. कार्ल्याच्या लेण्यात सुमारे १९०० वर्षांपूर्वी क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षूंना करजिक हे गाव दिल्याचा लेख आहे. पुढे सत्ता सातवाहनांकडे गेली, तेव्हा त्याच गावाविषयीची राजाज्ञा मामालच्या, म्हणजे आपल्या या मावळच्या, अमात्याच्या नावे नव्याने कोरण्यात आली. हक्क आपोआप चालत राहील असे कोणी गृहीत धरले नाही. आजही पवनाकाठचा शेतकरी जमिनीचे खरेदीखत झाले म्हणून निश्चिंत होत नाही. वडगावला खेपा घालतो, फेरफार मंजूर करवितो, सातबारावर नाव चढलेले स्वतः वाचतो. मोटारीच्या बाबतीत हेच करावे: घेणाऱ्याचे ओळखपत्र पाहून, तारीख, वेळ आणि किलोमीटरचा आकडा घालून, दोन साक्षीदारांच्या सहीची ताबापावती करावी, आणि नोंदणी बदलल्याचे परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर दिसेपर्यंत ती सातबाराच्याच पिशवीत जपून ठेवावी.