थायलंडमधील निवृत्ती-व्हिसा : आठ लाख बाटांचा हिशेब

रत्नव्यवसायाच्या निमित्ताने आपल्या समाजातील काही कुटुंबे बँकॉकच्या सिलोम परिसरात स्थिरावली आहेत. पेढीची धुरा मुलांवर सोपवल्यानंतर उर्वरित आयुष्य तिकडेच मुला-नातवंडांत घालवावे, असा विचार मग इकडच्या घरांतून सुरू होतो.

वयाची ५० वर्षे पूर्ण झालेल्या परदेशी नागरिकास थायलंड निवृत्त म्हणून राहू देते. रूढ मार्ग असा : प्रथम ९० दिवसांचा ‘नॉन-इमिग्रंट ओ’ व्हिसा मिळवावयाचा आणि तो संपण्यापूर्वी तेथील इमिग्रेशन कार्यालयात एक वर्षाच्या मुदतवाढीसाठी अर्ज करावयाचा. शुल्क १,९०० बाट. पुढे दरवर्षी हाच क्रम.

खरी परीक्षा पैशाची. थाई बँकेत स्वतःच्या नावे ८ लाख बाट, किंवा दरमहा ६५,००० बाटांचे उत्पन्न, किंवा दोन्ही मिळून वर्षाला ८ लाख दाखवावे लागतात. ठेवीचा मार्ग निवडल्यास रक्कम अर्जापूर्वी २ महिने व मंजुरीनंतर ३ महिने पूर्ण असावी लागते. उरलेल्या काळात ती ४ लाखांखाली जाता कामा नये. म्हणजे वर्षातील ५ महिने पूर्ण आणि ७ महिने निम्मी रक्कम जखडलेली. व्यापारी माणसाला पडून राहिलेले भांडवल खुपते, हे मी बँकेच्या खुर्चीतून अनेक वर्षे पाहिले आहे. मुलाच्या पेढीला नड आली म्हणून पंधरा दिवसांसाठी उचल करण्याचा मोह होतो. पासबुकातील तेवढी एक नोंद पुढील मुदतवाढ नाकारण्यास पुरेशी ठरू शकते. ही रक्कम अनामत समजावी व घरखर्चाची तजवीज वेगळी करावी.

दुसरा मोह गादीचा. या व्हिसावर कोणतेही काम करता येत नाही. वडीलधाऱ्यांनी सहज गल्ल्यावर बसणे आपल्याकडे स्वाभाविक; तेथे मात्र ‘मी पगार घेत नाही’ हा खुलासा तारून नेईलच असे नाही.

दर ९० दिवसांनी पत्त्याची नोंद करावी लागते. लग्नकार्यासाठी वा पर्युषणासाठी गावी येताना पुनःप्रवेशाचा परवाना आधी घ्यावा. एका खेपेस १,००० बाट, अनेक खेपांस ३,८०० बाट. तो न घेता देश सोडल्यास मुदतवाढ तेथेच रद्द होते.

इकडून पैसे पाठविण्यास रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार माणशी, प्रतिवर्षी अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. ती पुरेशी असल्याने त्यावर अधिक लिहीत नाही.

पत्नीच्या प्रश्नावर मात्र घरात अवश्य बोलावे. पतीच्या परवानगीवर आश्रित म्हणून तिलाही मुदतवाढ मिळते, दुसऱ्या ठेवीची गरज पडत नाही, आणि म्हणून बहुतेकांना हाच मार्ग सोयीचा वाटतो. परंतु पतीच्या निधनानंतर त्या परवानगीचा आधारच राहत नाही. त्याच वेळी त्याचे खातेही, न्यायालय व्यवस्थापक नेमेपर्यंत, गोठलेले असते. तेव्हा ऐपत असल्यास पन्नाशी ओलांडलेल्या पत्नीच्या नावे स्वतंत्र खाते, स्वतंत्र ८ लाख आणि स्वतंत्र मुदतवाढ असावी. शिवाय दोघांचीही तेथील मालमत्तेपुरती थाई मृत्युपत्रे पहिल्याच वर्षी करून ठेवावीत.