येशू कोण? वर्ध्यातली तीन उत्तरं

सेवाग्रामला गांधीजींच्या झोपडीत, मातीच्या भिंतीवर सजावट म्हणावी अशी एकच वस्तू होती. ओळखा बरं कोणती? जून १९४२मध्ये अमेरिकी पत्रकार लुई फिशर तिथे आठवडाभर राहिला, तेव्हा त्याला दिसलं येशू ख्रिस्ताचं चित्र! ‘छोडो भारत’ आंदोलन दोन महिन्यांवर आलेलं, लढाई ख्रिस्ती म्हणवणाऱ्या साम्राज्याशी आणि भिंतीवर ख्रिस्त! फिशरने विचारलं, तर गांधीजींचं उत्तर असं की मी ख्रिस्तीही आहे, हिंदूही, मुसलमानही आणि ज्यूही.

मग हा येशू नेमका कोण? गंमत बघा, हा प्रश्न त्याने स्वतःच विचारला होता. लोक मला कोण म्हणतात, असं तो शिष्यांना विचारतो. कुणी म्हणे बाप्तिस्मा करणारा योहान, कुणी म्हणे एलीया. शिष्यांपैकी पेत्र म्हणाला, तू ख्रिस्त, म्हणजे देवाचा अभिषिक्त. एवढंसं उत्तर, पण त्याचा अर्थ ठरवायला चर्चला शतकं लागली! ३२५ साली निकायाच्या परिषदेने पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा ठरवला, ४५१ साली खाल्किदोनच्या परिषदेने सांगितलं, तो पूर्ण देव आणि पूर्ण माणूस. अर्धा-अर्धा नव्हे. ज्याला भूक लागते, रडू येतं, मरण येतं, तोच देव!

गांधीजींना हे पटलं नाही. येशू देवाचा एकुलता एक पुत्र, हे ते मानत नसत. त्यांचं म्हणणं तर थक्क करणारं: येशू कधी झालाच नाही असं उद्या कुणी सिद्ध केलं, तरी त्याचं गिरिप्रवचन मला खरंच वाटेल! प्रेषित पौलाचं मत नेमकं उलटं: ख्रिस्त मेलेल्यांतून उठला नसेल, तर सारा विश्वासच व्यर्थ.

आता वर्धा शहरातल्या मगनवाडीत या. तिथे तेलघाणी आणि हातकागदाचे प्रयोग चालवणारे गांधीजींचे सहकारी जे. सी. कुमारप्पा तंजावरच्या ख्रिस्ती कुटुंबातले, लंडनमध्ये हिशेबनीस झालेले. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी दोन पुस्तकं लिहिली: एक येशूच्या आचरणावर आणि शिकवणुकीवर, दुसरं टिकाऊ अर्थव्यवस्थेवर. येशू आणि अर्थशास्त्र एकाच कोठडीत? हो तर! अर्थव्यवहाराच्या त्यांच्या उतरंडीत शिकार करून जगणारा वाघ तळाशी, आणि मोबदला न मागता पिलांना भरवणारी पक्षीण शिखरावर. शेजाऱ्यावर प्रेम करायचं, तर आपण घेतलेलं तेल कुणाच्या घामाचं, हेही विचारायला नको का?

आणि पवनारला, धाम नदीकाठी, गांधीजींचे शिष्य विनोबा. त्यांनी गीतेवर लिहिलं तसं बायबलमधून वेचून ‘ख्रिस्तधर्म-सार’ही सिद्ध केलं. त्यांच्या सर्वधर्म-नाममालेत देवाला येशूचा पिता म्हणूनही हाक मारली जाते, राम-कृष्ण-रहीम यांच्या पंगतीत!

तिन्ही ठिकाणं आठ-दहा किलोमीटरच्या टापूत, आणि उत्तरं किती वेगळी! श्रद्धावान ख्रिस्ती म्हणतो, तो प्रभू आहे म्हणून त्याची आज्ञा पाळायची. गांधीजी म्हणतात, आज्ञा खरी आहे म्हणून तो थोर. पण शत्रूवर प्रेम करा, हा पेपर मात्र दोघांनाही सारखाच अवघड!