प्रवर समितीच्या दारात अडलेले विधेयक : गोपाळ कृष्ण गोखले आणि सक्तीचे प्राथमिक शिक्षण

प्रस्तावना

कायदा सभागृहात मंजूर होतो, पण त्याला खरा आकार येतो तो समितीत. अमेरिकेच्या सिनेटने सुरुवातीच्या काळात प्रत्येक विधेयकासाठी वेगळी समिती नेमली व १८१६ मध्ये स्थायी समित्या स्थापन केल्या. ब्रिटिश हिंदुस्थानच्या केंद्रीय कायदेमंडळात हेच काम प्रवर समिती करीत असे. तेथे विधेयकाचे एकेक कलम तपासले जाई, आक्षेपांना उत्तरे शोधली जात आणि मग सुधारित मसुदा सभागृहापुढे येई. सरकारी सदस्यांचे बहुमत असलेल्या सभागृहात अल्पमतातील सदस्याला काही साधायचे असल्यास त्याची जागा प्रामुख्याने हीच होती. गोखले यांच्या दोन अनुभवांच्या आधारे ही प्रक्रिया प्रस्तुत लेखात समजून घ्यावयाची आहे.

पहिला अनुभव : १९०४

फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन केलेले गोखले १९०२ पासून केंद्रीय कायदेमंडळात बसू लागले. लॉर्ड कर्झन यांच्या काळात विद्यापीठ विधेयक आले, तेव्हा त्याच्या प्रवर समितीत गोखले व आशुतोष मुखर्जी यांचा समावेश होता. विद्यापीठांच्या सिनेटमध्ये सरकारनियुक्त सदस्यांचे प्राबल्य राहणार, हा गोखल्यांचा मुख्य आक्षेप होता. तो मान्य झाला नाही व १९०४ मध्ये कायदा झाला. तरीही समितीतील भिन्नमतपत्रिकेमुळे विरोधाची कारणे कलमवार नोंदली गेली. मतदानात हरलेला युक्तिवाद अशा रीतीने कागदावर शिल्लक राहिला.

दुसरा अनुभव : १९११-१२

१८ मार्च १९१० रोजी गोखल्यांनी मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा ठराव मांडला आणि सरकारच्या आश्वासनानंतर तो मागे घेतला. १६ मार्च १९११ रोजी मात्र त्यांनी विधेयकच सादर केले. त्यातील तरतुदी अतिशय सावध होत्या. सक्ती लागू करण्याचा अधिकार नगरपालिका व जिल्हा मंडळांना, तोही सरकारच्या पूर्वपरवानगीने मिळणार होता. मुलांची ठराविक टक्केवारी आधीच शाळेत असेल, त्याच भागात हा कायदा लागू होणार होता. प्रारंभी ६ ते १० वर्षांच्या मुलग्यांपुरती सक्ती होती, मुलींसाठी ती पुढे वाढविता येणार होती. पालकांचे मासिक उत्पन्न १० रुपयांपेक्षा अधिक नसेल, तर फी माफ होती. बडोदा संस्थानात सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचे शिक्षण सुरू केले होते. हा दाखला गोखल्यांपुढे होता.

विधेयक मतांसाठी प्रांतिक सरकारांकडे पाठविण्यात आले. लोकांची मागणी नाही, करांचा बोजा वाढेल, ऐच्छिक प्रसारच बरा, असे आक्षेप आले. मुस्लिम समाजातून भाषेचा प्रश्न उपस्थित झाला : ज्या शाळेत उर्दू नाही, तेथे मुलांना सक्तीने पाठवावे काय? गोखल्यांनी हा आक्षेप झटकून टाकला नाही. एखादी भाषा बोलणारी २५ मुले असल्यास त्यांना त्या भाषेतून शिकविण्याची सोय करावी, संख्या त्याहून कमी असल्यास सक्ती स्वीकारावी की नाही हे त्या समाजानेच ठरवावे, असा तोडगा त्यांनी सुचविला. अशा तोडग्याला कलमाचे रूप देणे हे प्रवर समितीचेच काम होते.

१८ व १९ मार्च १९१२ रोजी सभागृहापुढे प्रश्न एवढाच होता की, विधेयक प्रवर समितीकडे पाठवावे किंवा नाही. मदनमोहन मालवीय, महंमद अली जीना व मझहरुल हक यांनी गोखल्यांना पाठिंबा दिला. शिक्षणखात्याचे सदस्य हारकोर्ट बटलर यांनी सरकारतर्फे विरोध केला. १३ विरुद्ध ३८ मतांनी प्रस्ताव फेटाळला गेला. विधेयक मंजूर करण्याचा प्रश्न अजून आलाच नव्हता; ते तपासून पाहण्यासच नकार मिळाला. त्यामुळे २५ मुलांची तरतूद मसुद्यात उतरलीच नाही. १९०४ मध्ये पराभवाची नोंद तरी राहिली होती, १९१२ मध्ये कलमांवर काम करण्याची संधीही मिळाली नाही. आपल्या पिढीला अपयशातूनच देशसेवा करावी लागणार, अशा आशयाचे उद्गार गोखल्यांनी तेव्हा काढले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी त्यांचे निधन झाले.

पुढील वाटचाल

कल्पना मात्र मागे पडली नाही. १९१७ मध्ये कोल्हापुरात शाहू महाराजांनी सक्तीचे मोफत शिक्षण सुरू केले. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई प्रांतात नगरपालिकांना सक्तीचा अधिकार देणारा कायदा अमलात आला. त्याच वर्षी भोपाळ संस्थानात नवाब सुलतान जहाँ बेगम यांनीही हे पाऊल उचलले. स्वतंत्र भारतात २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वयोगटासाठी शिक्षण हा मूलभूत हक्क झाला व २००९ मध्ये त्याचा कायदा झाला.

समारोप

नागरिकशास्त्र शिकविताना कायद्याचे टप्पे बहुधा पाठ करून घेतले जातात. त्याऐवजी १९११ च्या विधेयकातील एकेक तरतूद विद्यार्थ्यांच्या गटांना देऊन तिच्यावरील आक्षेप व दुरुस्ती लिहावयास सांगता येईल. उर्दू व मराठी अशा दोन्ही भाषांचे विद्यार्थी असलेल्या वर्गात २५ मुलांच्या प्रश्नापासून आरंभ करणे विशेष उपयुक्त ठरेल. जे काम १९१२ मध्ये समितीला करू दिले गेले नाही, ते करून पाहताना समिती कशासाठी असते, हे विद्यार्थ्यांच्या सहज ध्यानात येईल.