अंगणातील शेवाळ काढताना आधी पाण्याची वाट बदला

कोकणात पावसाने जोर धरला, की घरापासून गोठ्यापर्यंतची वाट हिरवी होते. पहाटे अंधारात, हातात दुधाची बादली घेऊन याच वाटेने ये-जा करावी लागते. पाय घसरून मनगट किंवा खुब्याचे हाड मोडल्याचे दर पावसाळ्यात कुठे ना कुठे ऐकायला मिळते. गाभण गाय किंवा म्हैस अशा ठिकाणी फाकून पडली, तर जनावर आणि पोटातले वासरू दोन्ही धोक्यात येतात. तरीही शेवाळाकडे आपण ‘पावसाळा आहे, चालायचेच’ म्हणून दुर्लक्ष करतो.

काही वर्षांपूर्वी एका पशुपालकाची गाभण गाय गोठ्याच्या दारात घसरली. सुदैवाने ती बचावली. मी त्यांना ब्लीचिंग पावडरने वाट धुण्याचा सल्ला दिला. वाट स्वच्छ झाली. तीन आठवड्यांनी पुन्हा गेलो, तर तिथेच शेवाळ परत आले होते. यावेळी नीट पाहिले. हिरवा पट्टा सरळ रेषेत होता, आणि बरोबर त्याच्या वर कौलांची कड होती. छपराच्या पागोळ्या दिवसरात्र त्या पट्ट्यावर पडत होत्या. माझा सल्ला चुकीचा नव्हता, पण अर्धवट होता. पन्हाळ लावून पाणी बाजूला काढल्यावर मात्र तो पट्टा पुढच्या पावसाळ्यात चालण्याजोगा राहिला.

शेवाळ म्हणजे नेमके काय?

आपण ज्याला सरसकट शेवाळ म्हणतो, त्यात प्रामुख्याने दोन गोष्टी असतात.

बुळबुळीत थर : हा हिरवा, काळपट किंवा जेलीसारखा असतो. यात हिरवे व निळे-हिरवे शेवाळ येते. भातखाचरात नत्र स्थिर करणारे निळे-हिरवे शेवाळ याच गटातले. खाचरात ते उपयोगी, फरशीवर धोक्याचे. पाय घसरण्याचे मुख्य कारण हाच थर असतो.

मखमली गादी : हे मॉस. बारीक पानांचे, गालिच्यासारखे दिसते. जांभ्या दगडावर, सिमेंटच्या भेगांत आणि पेव्हर ब्लॉकच्या सांध्यांत ते वाढते. मॉसला खरी मुळे नसतात. केसासारख्या तंतूंनी ते पृष्ठभागाला धरून राहते आणि पाणी संपूर्ण अंगाने शोषते.

मॉसचा प्रसार बियांनी नव्हे, तर हवेतून येणाऱ्या सूक्ष्म बीजाणूंनी होतो. म्हणून ‘एकदा समूळ काढले की संपले’ असे होत नाही. बीजाणू दरवर्षी येणारच. ते रुजतात की नाही, हे त्या जागेवर ओल किती वेळ टिकते यावर ठरते. दुसरे म्हणजे, उन्हाळ्यात मॉस वाळून काळे-तपकिरी पडते, पण ते मेलेले असतेच असे नाही. पहिल्या पावसात तीच गादी पुन्हा हिरवी होते.

आधी कारण शोधा

पाऊस थांबल्यावर एक-दोन तासांनी वाटेवरून फेरी मारावी. सगळीकडचे पाणी निथळल्यावरही जी जागा ओली दिसते, तिथे खडूने किंवा चुन्याने खूण करावी. कारण बहुधा पुढीलपैकी एक असते.

• सरळ रेषेतील हिरवा पट्टा : वरून पागोळ्या पडत आहेत.
• गोल किंवा वेडावाकडा डाग : फरशी बसली आहे, तिथे पाणी साचते.
• फक्त भिंतीलगत हिरवे : उतार घराकडे आहे, किंवा भिंतीतून पाणी झिरपते.
• झाडाखालचा मोठा भाग : सावली आणि कुजलेला पालापाचोळा.
• फक्त सांधे हिरवे : सांध्यांत माती भरली आहे.
• नळ, मोरी किंवा पाणवठ्याजवळ : बारमाही गळती.

कारण कळले, तर उपाय बहुधा कमी खर्चाचा असतो. कारण न कळता केलेली सफाई दर महिन्याला करावी लागते.

काढण्याची योग्य पद्धत

सर्वांत सोपी वेळ म्हणजे एप्रिल-मे. मॉस वाळलेले असते, पृष्ठभागापासून लवकर सुटते. पावसाळ्यात काढायचे झाल्यास दोन-तीन तासांची उघडीप बघावी.

१) खरवडणे : वाळलेली गादी फावड्याने किंवा पत्र्याच्या पट्टीने खरवडावी. सांधे जुन्या खुरप्याने मोकळे करावेत.

२) झाडणे : हिराच्या कडक खराट्याने किंवा ताठ केसांच्या ब्रशने घासावे. तारेचा ब्रश शक्यतो टाळावा. त्याचे तुटलेले तुकडे गंजून फरशीवर डाग पाडतात.

३) गोळा करणे : निघालेले शेवाळ तिथेच कडेला टाकू नये. ते पावसात पुन्हा वाटेवर येते. रसायन लावण्यापूर्वीच ते उचलावे आणि कंपोस्ट खड्ड्यात टाकावे.

४) धुणे : पाण्याने धूळ व माती काढावी. जागा लहान असेल, तर उकळते पाणी ओतल्यानेही उरलेले शेवाळ मरते. पाणी नेताना व ओतताना लहान मुले आणि जनावरे दूर ठेवावीत.

अनेक ठिकाणी एवढ्यावर काम भागते. बुळबुळीत थर तरीही राहिला, तरच पुढची पायरी घ्यावी.

ब्लीचिंग पावडरचा वापर

चांगल्या ब्लीचिंग पावडरमध्ये साधारण ३३ टक्के उपलब्ध क्लोरीन असतो. १० लिटर पाण्यात १५० ग्रॅम पावडर मिसळल्यास सुमारे अर्धा टक्का क्लोरीनचे द्रावण तयार होते. प्लॅस्टिकच्या बादलीत, मोकळ्या हवेत द्रावण करावे. गाळ खाली बसू द्यावा आणि वरची निवळी वापरावी. साधारण १ चौरस मीटरला १ लिटर निवळी पुरते.

निवळी झारीने किंवा ब्रशने पसरावी, १५ ते २० मिनिटे थांबावे, घासावे आणि भरपूर पाण्याने धुवावे. फवारणीच्या पंपातून मारू नये. तुषार डोळ्यांत व श्वासात जातात, शिवाय पंपाच्या धातूच्या भागांना गंज चढतो. रबरी हातमोजे, चष्मा आणि गमबूट वापरावेत. पावडरची पिशवी उघडी राहिल्यास दमट हवेत क्लोरीन उडून जातो. मागच्या वर्षीची उरलेली पावडर ‘काम करत नाही’ याचे कारण बहुधा हेच असते.

गोठ्याजवळ विशेष काळजी : ब्लीचिंगचे द्रावण गोमूत्रावर पडल्यास त्यातील अमोनियाशी संयोग होऊन डोळे व फुप्फुसांना त्रास देणारा वायू तयार होतो. म्हणून आधी शेण-मूत्र साध्या पाण्याने पूर्ण धुवावे, जनावरे बाहेर बांधावीत, आणि जागा धुऊन वास गेल्यावरच आत घ्यावीत. क्लोरीनचे पाणी गोबरगॅसच्या टाकीत किंवा गांडूळ खताच्या बेडवर जाऊ देऊ नये. गॅस तयार करणारे जिवाणू आणि गांडुळे त्याने मरतात. विहीर, शेततळे, मत्स्यतळे आणि झाडांची आळी यांकडेही हे पाणी वळू देऊ नये.

हे उपाय टाळा

तणनाशक : ‘गवताला चालते ते शेवाळालाही चालेल’ हा समज चुकीचा आहे. ग्लायफोसेट पानातून शिरून अन्नवाहिन्यांमधून मुळांपर्यंत जाते. मॉसला अशा वाहिन्याही नाहीत आणि मुळेही नाहीत. त्यामुळे भरवशाचा परिणाम मिळत नाही. शिवाय ऑक्टोबर २०२२ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने ग्लायफोसेटचा वापर कीड नियंत्रण चालकांमार्फतच करण्याचे बंधन घातले होते. पॅराक्वाट तर घराजवळ नकोच. ते पोटात गेल्यास त्यावर उतारा नाही.

मोरचूद : सुपारी-नारळाच्या बागायतदारांकडे बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद असतेच. त्याने शेवाळ मरते हे खरे, पण तांबे नष्ट होत नाही. ते मातीत साठते, माशांना घातक ठरते आणि मेंढ्यांना तर अगदी कमी प्रमाणातही विषारी असते. अंगणातून वाहणाऱ्या पाण्यात ते मिसळू नये.

फेरस सल्फेट (हिराकस) : हे मॉसवर चालते, पण सिमेंट व फरशीवर तांबूस गंजाचे डाग कायमचे राहतात.

मीठ : मिठाने लगतची माती खारावते, रोपे करपतात आणि काँक्रीटमधील लोखंड गंजते.

ॲसिड : फरशी धुण्याच्या ॲसिडने सिमेंटचा वरचा गुळगुळीत थर खाल्ला जातो, छिद्रे उघडी पडतात आणि पुढच्या वर्षी शेवाळ अधिक येते. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो. या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी, एकाच जागी कधीही वापरू नयेत.

फक्त चुना : चुना भुरभुरल्याने काही दिवस फरक दिसतो. पण चुन्याच्या जुन्या भिंतींवरही मॉस आनंदाने वाढते, हे आपण पाहतोच. चुना हा कायमचा उपाय नाही.

जोराच्या पाण्याचा पंप : मजबूत काँक्रीटवर चालतो. जांभा दगड आणि पेव्हर ब्लॉकवर जपून वापरावा. जांभ्याचे कण निघतात, सांध्यांतील वाळू वाहून जाते आणि ओल धरायला नवे खळगे तयार होतात.

पुन्हा येऊ नये म्हणून

पागोळ्या वळवा : कौलांच्या किंवा पत्र्याच्या कडेला पन्हाळ लावून पाणी पाइपने गटारात किंवा शोषखड्ड्यात न्यावे. ते शक्य नसेल, तर पागोळ्यांखाली दोन-अडीच फूट रुंद खडीचा पट्टा करावा आणि चालायची वाट त्याच्या बाहेर घ्यावी.

उतार द्या : वाटेला १ मीटरमागे १ ते २ सेंटिमीटर उतार असावा, तोही घरापासून दूर. बादलीभर पाणी ओतून पाहावे. पाणी थबकले, तर तेवढा भाग काढून पुन्हा भरावा.

ऊन-वारा येऊ द्या : मे महिन्यात वाटेवर झुकलेल्या खालच्या फांद्या विरळ कराव्यात. सगळे झाड छाटण्याची गरज नसते. सकाळचे दोन-तीन तास ऊन मिळाले, तरी उघडीप असताना वाट लवकर वाळते.

पालापाचोळा उचला : आठवड्यातून एकदा वाट झाडावी. कुजलेला पाला म्हणजे मॉससाठी तयार माती.

सांधे भरा : मोकळे केलेले सांधे जाड, धुतलेल्या वाळूने दाबून भरावेत. मातीमिश्रित वाळू वापरू नये.

नवीन काँक्रीट करताना : गिलाव्यासारखे गुळगुळीत करू नये. ओल्या काँक्रीटवर कडक झाडूने आडव्या रेघा ओढाव्यात. जनावरांच्या वाटेवर खाचा पाडाव्यात. खाचांची दिशा अशी ठेवावी, की पाणी त्यातून बाहेर निघून जाईल.

भर पावसात तात्पुरता उपाय

सतत पाऊस असेल, तर कोणतेही रसायन वाहून जाते आणि पैसे वाया जातात. अशा वेळी वाटेवर नारळाच्या झावळ्या टाकण्याची जुनी पद्धत चांगली आहे. पायाला पकड मिळते. झावळ्या कुजू लागल्या, की बदलाव्यात. अन्यथा त्यांच्याखालीच बुळबुळीत थर तयार होतो. जनावरांच्या वाटेवर जाड वाळू किंवा बारीक खडीची कच पसरावी. पायऱ्यांना बांबूचा कठडा आणि गोठ्याच्या दारात दिवा, या दोन गोष्टी घरातील वृद्धांसाठी आजच करता येतील.

जिथे शेवाळ राहू द्यावे

आंबा-फणसाच्या खोडावरील मॉस झाडाचे अन्न घेत नाही. ते खरवडून सालीला जखमा करू नयेत. बांधावरच्या आणि गडग्याच्या दगडांवरील मॉसही तिथल्या तिथे राहू द्यावे. आपला प्रश्न फक्त पाय पडतो त्या जागेचा आहे.

वर्षाचे वेळापत्रक

• एप्रिल-मे : खरवडणे, सांधे भरणे, फांद्या विरळ करणे, पन्हाळ साफ करणे.
• जूनचा पहिला मोठा पाऊस : पाणी कुठे थबकते ते पाहून खुणा करणे.
• जुलै-ऑगस्ट : आठवड्याला झाडणे. उघडीप मिळाल्यास फक्त घसरणाऱ्या जागी ब्लीचिंगची निवळी.
• ऑक्टोबर-नोव्हेंबर : खुणा केलेल्या जागी उतार व फरशीची दुरुस्ती.

यातले एकच काम करायचे ठरवले, तर ते जूनमधल्या खुणांचे करावे. ओल कुठे टिकते हे एकदा कळले, की पुढची कामे गवंड्याला नेमकी सांगता येतात.