डोक्यातले ओझे कागदावर उतरवा

सकाळी सात-आठच्या सुमारास क्रांती चौकात उभे राहून पाहावे. पैठण गेटकडून, उस्मानपुऱ्याकडून, मोंढा नाक्याहून, बाबा पेट्रोल पंपाकडून सगळे एकाच वेळी चौकात शिरतात. वाळूज-शेंद्र्याच्या कंपन्यांच्या बसगाड्या, रिक्षा, शाळेची मुले, नोकरीवर निघालेल्या बायका. एखाद्या दिवशी सिग्नल बंद पडला की कुणालाच पुढे सरकता येत नाही. गाड्या रोजच्याएवढ्याच असतात, रस्ताही तोच. फक्त आधी कोण आणि मागून कोण, हे ठरवणारे कोणी नसते. आपल्या डोक्याचेही असेच होते.

गेल्या वर्षी आमचे झाले. थोरल्या मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. उत्पन्नाचा दाखला तयार होऊन आठ दिवस झाले होते, तो आणून देण्याचे काम आमच्याकडे होते. पण ओव्हरटाइम, आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या, कर्जाचा हप्ता, भाच्याच्या लग्नाचे निरोप, सगळे एकदम डोक्यात. दाखला ‘उद्या आणू’वर राहिला. एका संध्याकाळी क्रांती चौकात कंपनीच्या बसमधून उतरलो. समोर फायली घेतलेल्या मुलींचा घोळका दिसला आणि काळजात धस्स झाले. शेवटची तारीख आदल्या दिवशीच होऊन गेली होती. मुलांच्या आईने बचत गटातून कर्ज काढून फी भरली. मुलगी एका शब्दानेही बोलली नाही, तेच जास्त लागले.

त्या रात्री झोप येईना. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नजर गेली. दुधाचा एकेक खाडा त्यावर लिहिलेला होता. म्हणून तर महिनाअखेरीस दूधवाल्याशी कधी वाद होत नाही. दुधाचा खाडा आपण लिहून ठेवतो, मग पोरीच्या शिक्षणाची तारीख नुसत्या डोक्यावर का सोडली?

अर्धवट राहिलेले काम मनाला टोचत राहते, हे शास्त्रज्ञांनीही तपासले आहे. ब्लूमा झायगार्निक या संशोधक बाईंनी 1927 साली बर्लिनमधील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. मध्येच थांबवलेली कामे माणसांना पूर्ण केलेल्या कामांपेक्षा जास्त आठवतात, असे त्यांना दिसले. पुढे 2011 साली मासिकाम्पो आणि बाउमायस्टर या अमेरिकन संशोधकांनी दाखवले, की काम पुरे झाले नसले तरी ते कधी आणि कसे करायचे हे पक्के ठरवले, की त्याची टोचणी कमी होते. 2018 साली अमेरिकेतल्याच बेलर विद्यापीठाने 57 तरुणांना झोपण्यापूर्वी पाच मिनिटे लिहायला लावले. निम्म्यांनी झालेली कामे लिहिली, निम्म्यांनी पुढची करायची. पुढची कामे लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटे लवकर झोप लागली. ज्यांनी कामे सविस्तर लिहिली, ते आणखी लवकर झोपले.

याला खर्च काय? मुलांच्या जुन्या वहीतली कोरी पाने आणि एक पेन्सिल. रात्री जेवणे आटोपली की डोक्यात येईल ते लिहावे. क्रम लावू नये, अक्षर पाहू नये. मग प्रत्येक कामापुढे दिवस लिहावा. ‘दाखला’ एवढेच लिहून भागत नाही. ‘बुधवारी सुट्टी झाल्यावर दाखला आणणे, जुनी पावती बरोबर नेणे’ असे लिहावे. झालेल्या कामावर रेघ मारावी. जे आपल्या हातातच नाही, ते वेगळ्या पानावर लिहून बाजूला ठेवावे. घरात आजीला लिहिता येत नसेल तर आजीने सांगावे, नातवाने लिहावे. नातवालाही घर कसे चालते ते कळेल.

आमच्या घरी पहिल्याच रात्री आणखी एक गोष्ट कळली. आमची कामे नऊ भरली, मुलांच्या आईची तेवीस. त्यांतली निम्मी तर आम्हाला ठाऊकही नव्हती. रेशन, गॅसचा नंबर, धाकट्याचा डबा, सासूची तपासणी, पाण्याचा दिवस, हे सारे एकटीच्या डोक्यात. ती विसरली की आम्ही तिला बोलत होतो. त्या रात्री तेवीसमधली सहा कामे आमच्या पानावर आली, चार मुलांनी वाटून घेतली. लिहिल्याने काम कमी होत नाही हे खरे, पण ते कुणाच्या माथ्यावर आहे हे सर्वांना दिसते.

कामांसारखेच दुःखाचेही. फलटणच्या बेबीताई कांबळे किराणा दुकान सांभाळता सांभाळता लिहीत होत्या आणि घरच्यांच्या नजरेला पडू नये म्हणून लिहिलेले लपवून ठेवत होत्या. कित्येक वर्षे लपलेले ते लिखाण 1986 साली ‘जिणं आमुचं’ या नावाने पुस्तकरूपाने आले. प्रत्येकाचे पुस्तक होईल असे नाही, व्हायलाही नको. पण जे कुणाला सांगता येत नाही ते कागदाला सांगता येते. लिहून झाल्यावर तो कागद फाडला तरी चालतो. दुसऱ्याची वही मात्र कुणी चोरून वाचू नये, नवऱ्यानेही नाही.

वही म्हणजे औषध नव्हे, हेही ध्यानात असू द्यावे. आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जिवाचे बरेवाईट करावेसे वाटते, असे असेल तर लिहीत बसू नये, लगेच डॉक्टर गाठावा. आपल्या घाटी रुग्णालयात मनाच्या आजारांचा विभाग आहे. तिथे जाण्यात लाज कसली?

यंदा आमच्या वहीत पहिल्याच पानावर मुलीच्या अर्जाची तारीख होती. ती तिनेच आपल्या हाताने लिहिली. शेवटच्या तारखेला दहा दिवस असतानाच अर्ज भरून झाला, आणि त्या ओळीवर रेघ मारायला तिने पेन्सिल आमच्या हातात दिली.